तुमच्या प्रथिनाचं काय झालं

मॅडम, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. हिंदी बोलणाऱ्या या शहरात, आपल्या विभागात माझ्याशी मराठीत बोलणारं आता कुणी नाही. सकाळी वॉर्ड, दुपारपासून प्रयोगशाळा, हे अजून तसंच चालू आहे. डॉक्टरकी आणि पीएच.डी. सोबत करायला आम्ही तिघं आलो होतो. एकानं इथेच भनपुरीत दवाखाना टाकला, दुसरीनं संशोधन अर्ध्यात सोडलं. वॉर्डातले मला प्रयोगशाळेची समजतात, प्रयोगशाळेतले वॉर्डाची. डबा मी दोन्हीकडे एकटीच खाते. विद्यार्थिनींना माझं मराठी कळतं, पण उत्तर हिंदीत येतं.

सिकलसेल या रक्ताच्या आजारात काही मुलांना दुखण्याचे झटके फार कमी येतात. त्यांच्या रक्तातलं एक प्रथिन त्यांना सांभाळतं, असं तुम्हाला वीस वर्षं रुग्ण पाहून वाटत होतं, आणि ते सिद्ध करायचं काम तुम्ही मला दिलं. पहिल्याच महिन्यातली गोष्ट. दहा वर्षांची एक मुलगी पाय धरून कण्हते आहे, तिची आई औषध आणायला खाली गेलेली, आणि मी तपासणीच्या रक्तासोबत माझ्या कामासाठी एक नळी जास्तीची भरून घेते आहे. तुम्ही मागे उभ्या होतात. आवाज न चढवता म्हणालात, "तिच्या मायले विचारलं का? पोट्टी कण्हून राहिली अन् तू तुयं काम करून राहिली." ती नळी तुम्ही टाकून द्यायला लावली. आई आल्यावर मी काय केलं ते माझ्याच तोंडून तिला सांगायला लावलं. ती मान हलवत नुसतं "हव" म्हणाली आणि मुलीचे पाय चोळत बसली. त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता. पण त्यानंतर न विचारता कुणाचं रक्त घेतलं नाही.

चौथ्या वर्षी तुम्ही आजारी पडलात. दर रविवारी मी चौबे कॉलोनीत तुमच्या घरी यायचे. तुम्ही पलंगावर बसून मटार सोलत असायचात, अर्धे माझ्यापुढे सरकवायचात आणि विचारायचात, "आकडे काय म्हणते?" आकडे तेव्हा आलेले होते. झटके कमी असणारी मुलं आणि जास्त असणारी, दोन्ही गटांच्या रक्तात ते प्रथिन सारखंच होतं. मी तीनदा पुन्हा तपासलं. तरी तुम्हाला म्हणायचे, अजून थोडे नमुने बाकी आहेत. तुम्ही शांतपणे म्हणायचात, "घाई नको करू. जे असन ते येईन."

तुम्ही गेल्यावर दोन महिन्यांनी प्रबंध दिला. त्यात सगळं खरं लिहिलं, तुमची कल्पना चुकीची निघाली हेसुद्धा. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तेव्हा बोलले नाही, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. हा कागद कुठेच जाणार नाही, म्हणून खरं ते लिहिते. काम संपलं म्हटलं असतं, तर रविवारी यायला मला काही कारण उरलं नसतं.