जहराच्या डोंगरावरची मोजणी

रवि. १५ नोव्हें. ९८
परवा पहाटे दिवा लावला, रामरक्षा म्हटली, बूट घातले. डोंगर चढणाऱ्या आमच्या क्लबची बस मंगफहून मला घेऊन सबाह अल-सालेमला थांबली, परब चढला. सिंधूवहिनी हॉस्पिटलात नाइट करून नुकत्याच परतलेल्या, नर्सच्या गणवेशातच. "भावोजी, नीट आणा हो ह्यांना." परब : "मी काय पार्सल आहे?" इथल्या वाळवंटातल्या या डोंगराचं खरं नाव मुतला. त्यावर परब दर वेळी हसायचा. वहिनींपुढे आम्ही 'जहराचा डोंगर' म्हणतो.
अकराला खाली उतरून बस निघाली. परब नाही हे अर्ध्या वाटेत कळलं. मागे फिरलो. खडकामागे सावलीत टेकून बसलेला. छाती. गेला होता.

गुरु. १९ नोव्हें.
क्लबप्रमुख मॅथ्यूने कागद केला : 'सदस्य न सांगता मागे राहिला.' सगळ्यांत शेवटी चालून माणसं मोजायची, मग बस सोडायची, हे गेली पंधरा वर्षं माझं काम. त्याने विचारलं, "बारा गिने थे ना?" हो म्हणालो. मला धरून बाराच मोजले होते. सही केली.

मंगळ. २४ नोव्हें.
दाढी करताना कळलं. बाबा भात मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. मीही तसाच मोजतो. लाभ म्हणजे मी, मग पुढचा दोन, तीन... त्या दिवशी शेवटी पुन्हा स्वतःच्या छातीला हात लावून बारा म्हणालो. माणसं अकराच होती.
रडू आलं नाही. उरलेली दाढी केली, ड्यूटीवर गेलो.

शुक्र. ८ जाने. ९९
वहिनी गावी दिवस वगैरे उरकून परत कामावर. भेटायला गेलो. "तुम्हा सगळ्यांना केवढा त्रास दिला ह्यांनी. न सांगता कुठेही बसायची सवयच मेली. किती ओरडायचे मी." मी बिस्किट खाल्लं. दुसरंही खाल्लं.

शुक्र. ५ फेब्रु.
क्लबबरोबर गेलो. युद्धातले सुरुंग काढलेल्या वाटेनेच, एकामागे एक. गावच्या शाळेत होतो तेव्हापासून डोंगर. इथे हा एवढाच, आणि हिवाळ्यात कधी ओमानचे. वर पोचलं की आपोआप हात जोडले जायचे. आज वारा होता. हात खिशात.
मॅथ्यू : "गिनती?" म्हटलं, किसी और को बोलो. त्याने कारण विचारलं नाही. विचारायला हवं होतं, म्हणजे...

शुक्र. १२ मार्च
सबाह अल-सालेम. चहा ठेवायच्या आत सांगितलं. "वहिनी, परब मुद्दाम मागे राहिला नाही. मी मोजायला चुकलो. स्वतःला दोनदा धरलं."
त्या उभ्याच. "मॅथ्यूंना माहीत आहे?"
"काल लिहून दिलं. तो कागद बदलायला सांगितलाय."
 मग ड्यूटीवर विचारतात तशा आवाजात, "तुम्ही पोचलात तेव्हा ह्यांच्या काखेत ऊब होती?"
"होती."
"म्हणजे जाऊन फार वेळ झाला नव्हता," त्या म्हणाल्या.  सांगून झालं.