सहावी व्यक्ती

प्रिय मावशी,

फोनवरच बोलायचं म्हणून चार वेळा तुझा नंबर लावला आणि चारही वेळा घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. पाचव्यांदा धीर केला, तर वहिनीने उचलला. तुझा फोन हल्ली तिच्याकडे असतो हे मला तेव्हा कळलं. तिला काय सांगणार? सहज केला होता म्हटलं आणि कागद घेऊन बसले.

इकडे सगळं ठीक आहे. शेजारच्या काकूंच्या कुंडीतल्या रोपाला तीन मिरच्या लागल्या आणि त्या साऱ्या इमारतीला दाखवून झाल्या. मला ऑफिसात खिडकीजवळची जागा मिळाली. ती कशी मिळाली ते सांगायचंय, पण ते सांगायला हात धजत नाही, म्हणून मिरच्यांचं लिहितेय.

परवा मला तुझं टेलिफोन एक्स्चेंज आठवलं. सुट्टीत तू मला सोबत न्यायचीस आणि गप्प बसायच्या अटीवर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवायचीस. तुझ्या समोर भोकांची ती भलीमोठी पाटी. दोन्ही हातांनी वायरी काढून दुसरीकडे खुपसायचीस, कानाने एकाचं ऐकायचीस, तोंडाने दुसऱ्याला थांबवायचीस. अर्ध्या गावाचे नंबर तुला तोंडपाठ होते. डॉक्टर घरी नसतील तर ते कुठे सापडतील हेही तुला ठाऊक असायचं. यंत्राला घाबरणारी बाई तू कधीच नव्हतीस, हे मला जन्मापासून माहीत आहे. तरीसुद्धा मी जे केलं ते केलं.

आठ महिन्यांपूर्वी तू माझ्या ऑफिसात आली होतीस ना, त्या दिवसाबद्दल बोलतेय. माझं काम तुला तेव्हा सांगितलं होतं. वेबसाइट लोकांना नीट वापरता येते का ते बघायचं. सहा माणसं बोलवायची, त्यांना तेच काम एकदा कॉम्प्युटरवर आणि एकदा मोबाइलवर करायला द्यायचं आणि आपण तोंडाला कुलूप लावून ती कुठे अडतात ते टिपायचं. त्या खेपेला एका हॉस्पिटलची वेबसाइट होती, तपासणीची वेळ नोंदवायची. सहावा माणूस ऐन वेळी आला नाही, म्हणून मी तुला गळ घातली. तू ठेवणीतले कपडे घालून अर्धा तास आधीच हजर. दारावरच्या माणसाला ऐटीत सांगितलंस, "भाचीने कामाला बोलावलंय."

कॉम्प्युटरवर तू चार मिनिटांत काम उरकलंस. वर एका शब्दातला चुकलेला ण दाखवलास, जो आधीच्या पाचजणांना दिसला नव्हता. मग मोबाइल हातात दिला. तेच पान, पण आकसलेलं. तारखांचे चौकोन मोहरीएवढे, अक्षरं पांढऱ्यावर फिकट राखाडी. तरी तू तारीख निवडलीस, डॉक्टर निवडले, नंबर लिहायला घेतलास. नंबरासाठी कीबोर्ड वर आला आणि त्याने खालचं अर्धं पान झाकलं. त्या झाकलेल्या भागात 'पक्की करा' हे बटण होतं, कीबोर्ड मिटवल्याशिवाय न दिसणारं. वर मात्र तुझं नाव, तारीख, वेळ, सगळं छान दिसत होतं. तू मोबाइल खाली ठेवलास आणि म्हणालीस, "झालं."

झालं नव्हतं. मी नियमाप्रमाणे विचारलं, "झालं असं कशावरून वाटतं?" आणि तू गोंधळलीस. अकरा मिनिटं पान वर-खाली करत राहिलीस. शेवटी म्हणालीस, "माझंच काहीतरी चुकतंय गं."

मावशी, याला आमच्याकडे एकच उत्तर आहे. परीक्षा तुमची नाही, वेबसाइटची आहे. अनोळखी माणसांना मी हे शंभरदा सांगितलंय. पण त्या दिवशी मला पुढच्या बैठकीची घाई होती. घड्याळाकडे बघत मी तुला म्हटलं, "असू दे मावशी, वयाबरोबर व्हायचंच असं." तू हसलीस. "खरंय बाई," म्हणालीस आणि पिशवी उचललीस.

बैठकीत सगळ्यांना कॅमेऱ्यात टिपलेलं तुझं चित्रण दाखवलं. त्या मोबाइलला तू एकदा वैतागून म्हणालीस, "अहो, मी लाइनवर थांबलेय ना!" सगळे खो खो हसले. मीही हसले. हॉस्पिटलच्या माणसाने विचारलं, "या आजी कोण?" मी म्हटलं, "सहावी व्यक्ती." माझी मावशी आहे, एवढं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. साहेब म्हणाले, बाकीचे पाच तिशीतले, त्यांना जमलं, सहावी अपवाद धरू. त्या पाचातले दोघे त्याच बटणापाशी अडखळले होते, हे मी पाहिलं होतं. पण मुदत दाराशी उभी होती. मी अहवाल लिहिला: कॉम्प्युटरवर उत्तम, मोबाइलवर समाधानकारक. बटणाची गोष्ट अकराव्या पानावर, किरकोळ सूचनांमध्ये टाकली. वेबसाइट सुरू झाली. साहेब खूश झाले आणि मला खिडकी मिळाली.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. दबक्या आवाजात बोलत होता. तुझे कान दाखवायला तुम्ही दोघं गेलात, तर हॉस्पिटलच्या यादीत तुझं नावच नव्हतं. तू म्हणत राहिलीस, "मी स्वतः नोंदवलंय, मोबाइलवर." काउंटरवरच्या मुलीने तीनदा यादी बघितली. रांगेतली माणसं बघत होती. तेव्हापासून गॅस वहिनी बघते, फोनही आता तिच्याकडेच दिसतो आणि दादा विसरण्याच्या आजाराचे डॉक्टर शोधतोय. "आई स्वतःच म्हणते गं, डोकं चालत नाही माझं," असं तो म्हणाला. मी फक्त हॉस्पिटल कोणतं ते विचारलं. फोन ठेवल्यावर मोबाइलवर ते पान उघडलं. तारीख, डॉक्टर, नंबर. कीबोर्ड वर आला. बटण अजून त्याच्याखालीच होतं.

काल मी साहेबांना सगळं सांगितलं आणि नवा अहवाल हॉस्पिटलला पाठवला. त्यात सहावी व्यक्ती पहिल्या पानावर आहे. माझ्या नोकरीचं बघू म्हणालेत, बघू देत. रविवारी मी येतेय. दादा-वहिनीला तुझ्यादेखत सांगेन, पण त्याआधी हे एकटीने वाच. मला क्षमा कर असं लिहिणार होते, ते खोडलं, कारण ते तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल. तू एवढंच लक्षात घे, मावशी. तू विसरली नव्हतीस. तुझं डोकं शाबूत आहे. ते बटण तुला दिसणं शक्यच नव्हतं, आणि हे मला आठ महिन्यांपासून माहीत होतं.

तुझीच,
टिटवी