आंब्याला टांगलेले बाबांचे सिनेमे

इस्माइलिया, शनिवार

आदरणीय बयूमीमामा यांस हातिमचा सलाम.

तुमचा गुडघा, मामींची शुगर आणि बागेतले आंबे, तिन्हींची तब्येत देवाच्या कृपेने ठीक असेल. आम्ही इकडे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

ईदला तुम्ही जेवायला आलात आणि जाताना आईने तुमच्या गाडीत एक पोतं टाकलं. त्यात बाबांच्या हिंदी सिनेमांच्या डीव्हीड्या होत्या. त्या आंब्याला टांगल्या की लखलखाटाने कावळे पळतात, असं तुम्ही म्हणालात. (मला शंका आहे. आपल्याकडच्या कावळ्यांना सगळं गाव 'हिंदी कावळे' म्हणतं. कावळे हिंदी, सिनेमेही हिंदी. पळतील कशाला, ओळख काढून बसतील.) पण ते पोतं द्यायला मीच आईला सांगितलं होतं, आणि आता पस्तावतोय.

झालं असं की आमचा डीव्हीडी प्लेयर म्हातारा झाला होता, ऐन मारामारीत अडकायचा. सगळी गल्ली फुटपाथवरच्या नकला घेत होती तेव्हा बाबांनी दुकानातून पावतीसकट अस्सल डीव्हीड्या घेतल्या, त्यामुळे त्यांचा त्यात जीव. म्हटलं, सगळे सिनेमे कॉम्प्युटरवर उतरवून ठेवू. माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. लिनक्स म्हणजे असं समजा मामा, फुकट मिळालेलं गाढव. कामाला वाघ, पण आपण सांगू तेच करतं, आपल्या मनात होतं ते नाही. सिनेमा आहे तसा ठेवला तर हार्ड डिस्कवर मावत नाही, दाबून लहान करावा लागतो. पहिला इतका दाबला की नायक कोण आणि घोडा कोण ते कळेना. दुसरा हलक्या हाताने दाबला, तर त्याने एकट्यानेच अर्धी जागा खाल्ली. तिसऱ्यापासून माप जमलं. एकेकाला अख्खी दुपार लागायची, आणि कॉम्प्युटर इतका तापायचा की आईने त्यावर मुलूखियाची पालेभाजी वाळत घातली. (एक पान पंख्यात गेलं. अजून वास येतो.)

प्रोग्राम दर वेळी विचारायचा, खालची अरबी अक्षरं हवीत का? मला वाटलं, अक्षरं चित्रातच असतात, भाकरीत मीठ असावं तशी. मी ती जागा कोरीच सोडली. उतरवलेला प्रत्येक सिनेमा तपासलाही, नाही असं नाही. पण तपासायला मी गाणं लावायचो, आणि आपल्या या सिनेमांत गाण्यांखाली अक्षरं कधी नसतातच.

आता तुमच्या बहिणीला वाचता येत नाही हे मी तुम्हाला काय सांगणार. लग्न झाल्यापासून बाबा तिला ती अक्षरं मोठ्याने वाचून दाखवतात. सुएझ कालव्याच्या फेरीबोटीवर त्यांचा जन्म गेला, भोंग्यापुढे बोलायची सवयच मोडली. घरात दिवसभर 'चहा' आणि 'मीठ', एवढंच. पण संध्याकाळी सिनेमा लागला की ते नायकाचं, नायिकेचं, खलनायकाच्या आईचंसुद्धा बोलणं वाचतात आणि आई त्या सगळ्यांना उत्तरं देते. आमच्या घरात नवरा-बायकोचं बोलणं म्हणतात ते हेच.

पोतं गेल्यावर पहिल्या संध्याकाळी दोघं भाजलेल्या बिया घेऊन बसले. नायकाने तोंड उघडलं, खाली काहीच नाही. बाबांनी चष्मा पुसला. आई म्हणाली, वाचा की. बाबा म्हणाले, काही लिहिलेलंच नाही. तेव्हापासून बाबा गच्चीत बसतात, आई स्वयंपाकघरात लसूण सोलते. एवढी लसूण लागते कुणाला? घरातला हा शुकशुकाट मला ऐकवत नाही, मामा.

म्हणून हात जोडून विनंती, झाडावर माणूस चढवा आणि डीव्हीड्या परत पाठवा. मी सगळे सिनेमे पुन्हा उतरवतो, अक्षरांसकट. कावळ्यांसाठी जुने आरसे पाठवतो.

तुमचा भाचा,
हातिम

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. काल आईनेच पुन्हा सिनेमा लावला आणि बाबांना हाताला धरून बसवलं. नायक इन्स्पेक्टर, घोड्यावरून उतरतो आणि रुसलेल्या नायिकेसमोर उभा राहतो. बाबांनी पुन्हा चष्मा पुसला. मग तो लावून, वाचतात त्याच सुरात म्हणाले, "तो म्हणतोय, जन्मभर दोन काठांमध्ये माणसं पोचवली, पण घरी आल्यावर तुझ्याशी काय बोलावं ते सुचायचं नाही."

आई म्हणाली, "इन्स्पेक्टरची फेरीबोट कुठून आली?"

"हिंदी सिनेमा आहे. काहीही येतं."

तिने बियांची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. मग म्हणाली, "बरं, पुढे वाचा."

दारात उभा होतो, मला काही आत जाववलं नाही.

ता. क. २. आईचा निरोप. तिला त्या सिनेमांतली ओळ न् ओळ पाठ आहे आणि आता ती नकोय. डीव्हीड्या झाडावरच राहू द्या. यांनी विचारलं तर उन्हाने खराब झाल्या म्हणून सांगा. खोटं बोलल्याचं पाप ती घेते म्हणाली, पण यांना कळता कामा नये.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तोच बाबा आले, स्वयंपाकघराकडे बघत माझ्या कानाशी म्हणाले, "बयूमीला लिही, बहिणीने मागितल्या तर डीव्हीड्या कावळ्यांनी नेल्या म्हणून सांग. तुझ्या आईला बोलू नकोस."