माझ्या मापाची सीट

३ मार्च, सोमवार

उतरताच येईना! करमाडला आमच्या बँकेसमोर गाडी लावली, दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला – अन् कंबर जागच्या जागी धरली. ना आत, ना बाहेर. समोरून मंजुळाबाई येत होत्या, पेन्शनचं पासबुक घेऊन. थांबून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काय वं बाई, खाली काय हरवलं का?"

म्हटलं, "कंबर हरवली."

त्यांनी पासबुक दातात धरलं अन् दोन्ही हातांनी मला उपसून काढलं. विहिरीतून कळशी काढावी तशी. "ईट तापवून शेक द्या. माझ्या म्हशीला त्येच केलं व्हतं."

म्हैस बरी झाली का, हे विचारायचं राहिलं.

४ मार्च

ह्यांनी निदान केलं. ह्यांना गाडी चालवता येत नाही. स्कूटरच्या पुढं गेले नाहीत. पण शाळेत भूगोल शिकवतात, त्यामुळं कशाचीही आकृती काढतात. जेवताना वर्तमानपत्राच्या कडेला माझी काढली – गोल डोकं, काडीची पाठ, खाली चार चाकं. "बघ करुणा, तू स्टिअरिंगला लटकतेस. हा कोन चुकतोय."

लटकते म्हणजे काय! पाय पुरायला नकोत क्लचला? पाच फुटांनाही दोन बोटं कमी भरते मी. सीट पुढं ओढली की पाय पुरतात, पण नाक काचेला. मागं ढकलली की पुढचा रस्ताच दिसत नाही, नुसतं आभाळ. गाडी जुनी. सीट पुढं-मागं होते, वर-खाली होत नाही.

वीस वर्षं काळ्या-पिवळ्या जीपनं करमाडला गेले. कधी पाठ दुखली नाही. तिघींच्या सीटवर पाच जणी – दुखायला जागाच नव्हती! डिसेंबरात ही गाडी घेतली, क्लास लावून शिकले, सगळं पोराच्या नादानं. सम्यक पुण्यात बसून म्हणतो, "मम्मी, तू लई भारी!"

भारी तर भारी. उतरता येत नाही.

६ मार्च

उशी. घरातलीच, कापसाची. छावणीतल्या घरापासून बाबा पेट्रोल पंपापर्यंत मी महाराणी. क्रांती चौकात ब्रेक दाबला – उशी पुढं, मी मागं. चिकलठाण्यापर्यंत उशीची पोळी झाली अन् मला पुन्हा आभाळ दिसायला लागलं.

७ मार्च

सासूबाईंचा तोडगा. "पाट ठिव की गं खाली. सागवानी हाय. मोडायचा नाय."

ठेवला. वर गोधडीची घडी. बसले – काय सांगू! टेम्पोवाल्यांच्या डोळ्याला डोळा. शेंद्र्याच्या चौकात एक जण माझ्याकडं बघून हसला, मीही हसले. फक्त पाय खाली पोचेनात. अख्खा रस्ता क्लच अंगठ्यानं दाबत गेले.

शेजारी नानासाहेब. आमच्याच शाखेत आहेत, मुकुंदवाडीला राहतात, महिनाभरापासून माझ्याबरोबर येतात. त्यांनी वरची कडी करमाड येईपर्यंत सोडली नाही. उतरल्यावर म्हणाले, "मॅडम, तुम्ही गाडी चालवत होता का पंगतीला बसला होता?"

८ मार्च, शनिवार

सुट्टी. मोंढ्याकडं गाडीच्या सामानाच्या दुकानात गेले. मालकानं लाकडी मण्यांचं आसन पुढं केलं. "ये ले जाओ मॅडम. मेरा मामू दिनभर ट्रक चलाता. कमर देखो तो घोडे के माफिक!"

विचारलं, "मामू की हाइट कितनी?"

"छे फुट तो होंगे."

इथंच उठायला हवं होतं. घेऊन आले.

१० मार्च

मणी गार लागतात, एवढं खरं. संध्याकाळी सासूबाई पाठीला तेल लावायला बसल्या अन् हसतच सुटल्या. "अगं, पाठीवर ज्वारीचं कणीस उमटलंय तुझ्या!"

११ मार्च

केंब्रिज चौकात आसनाचा दोरा तुटला. मणी सगळे खाली. एक नेमका ब्रेकखाली. दाबते तर दबेना! समोर उसाची ट्रॉली. नानासाहेबांनी डोळे मिटले. मी हँडब्रेक ओढला. उसाचं पाचट काचेला टेकलं अन् आम्ही थांबलो.

मागून सगळे हॉर्न मारत होते, पण मला पाय उचलता येईना. आत्ता लिहिताना हसू येतंय. तेव्हा नाही आलं.

नानासाहेब उतरले. मला वाटलं, मणी गोळा करतील. त्यांनी जीपला हात केला. "मॅडम, पाठ तुमची हाय. जीव माझा हाय." अन् गेले.

१२ मार्च

मीही जीपनं गेले. शेजारणीची कोंबडी माझ्या मांडीवर. नानासाहेब समोरच्या सीटवर. आम्ही एकमेकांना ओळखलं नाही.

१६ मार्च, रविवार

हे म्हणाले, विकून टाकू. "गाडी दुसरी मिळेल, पाठ दुसरी मिळत नाही." बोलणं खरं होतं, म्हणून जास्त राग आला. गिऱ्हाईक पण शोधून ठेवलेलं! कारभारी नावाचे, जुन्या गाड्यांचा धंदा करणारे. उंची दारापेक्षा जास्त. आत बसायला गेले तर गुडघे स्टिअरिंगला अन् हनुवटी गुडघ्याला.

"आयला! ताई, ही गाडी कोण चालवतं? लेकरू?"

अन् खाली हात घालून खाडकन सीट मागं ढकलली. पार शेवटच्या खाचेपर्यंत.

काय झालं कोण जाणे. डोकंच फिरलं माझं. "सीटला हात लावायचा नाय!" भर गल्लीत ओरडले. "माझ्या मापाची हाय ती!"

मापाची कुठली? मापाची असती तर हे रामायण झालं असतं का! पण ओरडले. कारभारी दोन्ही हात वर करून उतरले, पोलिसांनी पकडल्यासारखे. मग वरून, गॅलरीतून सासूबाईंचा आवाज आला, "राजेंद्र, गाडी तिची हाय. तुला काय इकायचं तर तुझी स्कूटर इक."

रात्री सासूबाईंच्या वरणावर तूप जास्त घातलं.

१९ मार्च

शेवटी डॉक्टरकडं. प्रांजली नाव, फिजिओथेरपीची. आमच्या छावणीतच दवाखाना. कोवळी पोरगी. मी पाठ दाखवायला वळले तर म्हणते, "पाठ नंतर. काकू, गाडी कुठं लावलीय?"

खाली आली. मला सीटवर बसवलं, स्वतः दाराशी उकिडवी बसली. "आता रोज बसता तशा बसा."

बसले. तिनं जरा वेळ बघितलं. "मधेमधे श्वास घेता ना?"

मग एकेक सुरू झालं. आधी बैठक पार मागं, सीटच्या कोपऱ्यात. (ती 'बैठक' म्हणाली. मला ढुंगण म्हणायचं होतं.) क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा, तेवढीच सीट पुढं. पाठ टेकवायची. टेकवायची! तीन महिन्यांत माझी पाठ त्या सीटला लागलीच नव्हती. खांदे टेकवून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे. पोचेना, म्हणून तिनं सीटची पाठ सरळ केली. वर दिसायला खाली कडक फोमचा तुकडा, बांधून टाकायचा, उशी-बिशी नाही. कमरेच्या खोलगटीत टॉवेलची गुंडाळी. अन् आरसा ताठ बसून लावायचा. "वाकलात की मागचं दिसणार नाही. आरसाच तुम्हाला रागवेल."

"अन् मधे एकदा थांबायचं. उतरायचं, चार पावलं चालायची, मग पुढं जायचं. रोज."

म्हटलं, "अगं, उशीर होतो."

"मग लवकर निघा काकू."

सासूच आहे दुसरी!

२० मार्च

टॉवेल घसरला. कुठं घसरला ते लिहीत नाही.

२४ मार्च

टॉवेल ओढणीनं बांधला. फोम चांगलाय. पाय पुरतात, रस्ता दिसतो. दुखणं मात्र वरून खाली आलंय. प्रांजली म्हणते, ही सुधारणा. दुखण्यानं घर बदललं यात सुधारणा कसली, मला कळलं नाही. आरसा दिवसभर रागावत होता.

२९ मार्च

मार्चअखेर. लिहायला जीव नाही.

३ एप्रिल, गुरुवार

शेंद्रा गेलं. करमाड आलं. उतरले, गाडीला कुलूप लावलं, आत गेले, खुर्चीत बसले, कॉम्प्युटर सुरू केला – अन् मग ध्यानात आलं. दुखलंच नाही!

पुन्हा बाहेर गेले. गाडीकडं बघून आले. उगीच.

मंजुळाबाई रांगेत होत्या. माझं चालणं बघून म्हणाल्या, "आला ना इटंचा गुण?"

"आला," म्हटलं. म्हातारीचं मन कशाला मोडायचं.

८ एप्रिल

शेंद्र्याच्या पुढं लिंबाखाली एक टपरी आहे. तिथं थांबते, प्रांजलीचा हुकूम म्हणून. चार पावलं चालते, मग चहा. आज टपरीवाल्यानं विचारलं, "एकट्याच का?"

"हो."

"मंग बसा निवांत." खुर्ची फडक्यानं पुसून दिली.

बसले. सत्तेचाळीस वर्षांची झाले, अन् बाहेर एकटीनं बसून चहा प्यालेला आठवेना. घरी सगळ्यांना देऊन झाल्यावर पिते, बँकेत काउंटरवर गर्दी नसेल तेव्हा.

आज गरम होता.

१४ एप्रिल

सकाळी भडकल गेटला बाबासाहेबांना अभिवादन. संध्याकाळी मिरवणुकीत नाचले. हो, नाचले! कंबर हलली अन् आपोआप जागेवर आली. ह्यांनी आधी डोळे वटारले, मग तेही नाचले – पृथ्वीसारखे, स्वतःभोवती.

२३ एप्रिल

गाडीत मोठ्यानं बोलते आताशा. काचा वर असतात, कोणाला काय कळतंय! आज मॅनेजर साहेबांना जे जे सुनवायचं होतं ते चिकलठाण्यापर्यंत सुनवून झालं. पुढं शेंद्र्यापर्यंत नणंदेचा नंबर. त्यानंतर गाणं. माझं गाणं ऐकण्यासारखं नाही, म्हणून तर गाडीत.

शाखेत गेल्यावर साहेब म्हणाले, "आज एकदम खुशीत, मॅडम?"

नानासाहेब विचारत होते, पुन्हा बरोबर आलो तर चालेल का. म्हटलं, "मणी अजून सापडतात हो खाली." खोटं बोलले मी. मणी केव्हाच झाडून टाकलेत.

४ मे, रविवार

सासूबाईंना खुलताबादला नेलं, त्यांची मावसबहीण असते तिथं. घाट चढताना काहीच दुखलं नाही. त्या पुढं बसल्या होत्या, पदर खोचून, खिडकीबाहेर हात टाकून. मग एकदम म्हणाल्या, "रोज एकटी जातीस. बरं वाटत असंल ना गं?"

"छे हो आत्या. कंटाळा येतो."

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. "व्हय का," म्हणाल्या. बास, एवढंच.

१६ मे, शुक्रवार

बदली झाली! छावणी शाखा! अर्ज करून तीन वर्षं झाली होती. दर वर्षी आठवण करून द्यायची, दर वर्षी "बघू". यंदा तर मी नाव काढायचंही विसरले, अन् आज ऑर्डर. घरापासून पायी. भाजीची पिशवी हातात घेऊन जावं इतकं जवळ. नानासाहेब म्हणाले, "नशीब काढलं मॅडम. आमचा जन्म जीपमधेच जायचा."

दुपारी घरी फोन केला होता. आले तर ह्यांनी किलोभर पेढे आणलेले. सासूबाई आजूबाजूला वाटून आल्या. "दुपारी घरी येत जाशील आता. गरम भाकर खाशील." पाव्हण्यांचं दुपारचं येणं-जाणं, गॅस सिलिंडरवाला, सगळ्याला आता मी हाकेवर असणार म्हणून दोघं मायलेक खूश.

ह्यांनी आकृती काढली. एक चौकोन घर, एक चौकोन बँक, मधे रेघ. "बघ. संपलं! पाठीचा ताप गेला, पेट्रोल वाचलं. गाडी आता कशाला लागते?" भलं मनात धरूनच बोलत होते. चेहरा लेकरासारखा फुललेला.

मी पेढा खाल्ला. त्या रेघेकडं बघत होते. लई छोटी होती.

१७ मे, शनिवार

साहेबांना सांगितलं, बदली नको, करमाडलाच राहू द्या. साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच सांगितलं.

"मॅडम, कारण काय लिहू?"

"लिहा – घरगुती."

घरी अजून बोलले नाही. आधी पेढे संपू देत.