कुठली मावशी?

प्रिय ताई,

फोनवर तुझ्याशी बोलायला गेले की जीभ टाळ्याला चिकटते, आणि फोन ठेवल्यावर एकटीच तडतडत बसते. म्हणून लिहितेय. वाचताना मध्येच उठून जाऊ नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे.

आमचं चाललंय. शाळा उघडायच्या आधीचे दिवस, कारखान्यात गणवेशांचा डोंगर झालाय. काजं करून करून बोटं सुजलीत. ह्यांना गोदामात काम लागलं एकदाचं. थोरली दोघं भांडतात, जेवतात, पुन्हा भांडतात. तिसरी कशी आहे ते मात्र मला तुला विचारावं लागतं, ही काय गंमत म्हणायची?

ठमी म्हटलेलं तुला आवडत नाही, गावंढळ वाटतं. पण पोटात होती तेव्हापासून ती ठमीच. ह्यांचं काम सुटलेलं, त्यात माझी तिसरी खेप, आणि तुझ्या घरी पाळणा काही हलेना. भाऊजींनी वकील आणला, तू माझा हात धरलास. म्हणालीस, अगं वेडाबाई, परक्याकडे का जातेय ती? मी आई होईन, तू मावशी, नुसती जागांची अदलाबदल. मला ते पटलं गं. घरातल्या घरात म्हणून सही केली, आणि तुझ्याकडे तिला पोटभर दूध, चांगली शाळा मिळेल म्हणूनही. मिळालं सगळं, नाही कशाला म्हणू? तिचे गोबरे गाल बघितले की मला भांडताही येत नाही.

पण तिचा तो वाढदिवस! मी शिवलेला फ्रॉक तू 'घरात घालायला होईल' म्हणत कपाटात कोंबलास. गिळलं. तुझ्या मैत्रिणीने खरकटी ताटली माझ्या हातात दिली, "मावशी, हे जरा आत ठेवा." तेही गिळलं, ठेवली आत. मग ठमी धावत आली आणि शेजारच्या पोरीला म्हणाली, ही माझी मावशी. ती पोर विचारते, कुठली? भांड्यांची की झाडू-फरशीची? तिचं तरी काय चुकलं, तुमच्या इमारतीत मावश्या कामालाच येतात. ठमी गोंधळली, तुझ्या तोंडाकडे बघायला लागली. आणि तू म्हणालीस, चला चला, केक कापायचाय.

परवा तुझा फोन आला तेव्हा वाटलं, आता तरी चुकलं म्हणशील. तू म्हणालीस, आमची भांड्यांची बाई सोडून गेली, तूच का येत नाहीस? पगार देईन, शिवाय पोर रोज दिसेल. संताप आला. आणि मोहही झाला, खोटं कशाला बोलू? रोज दिसेल म्हणालीस ना! तर येते मी. भांडी घासायची मला लाज नाही. मी तिची आई आहे असं सांग म्हणूनही हट्ट नाही, ते मी सही करून देऊन टाकलं. पण तुझी बहीण असणं काही मी देऊन टाकलं नव्हतं. तेव्हा मी येण्याआधी ठमीला जवळ घे आणि त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर दे. ही माझी सख्खी बहीण, एका ताटात जेवलोय आम्ही, एवढं तिला मोठ्याने सांग. मग माझ्या हातात घासणी द्यायला तुझा हात धजतो का, ते बघू.

तुझीच,
सख्खी धाकटी