पायाखाली बसणारे पेडल

मी, शिवलीला भ्र. बंडप्पा माळगे, वय वर्षे ७३, धंदा घरकाम व गॅरेज, राहणार हायवेलगत, उमरगा, जिल्हा धाराशिव (गॅरेजच्या पाटीवर अजून उस्मानाबाद आहे, पाटी यजमानांनी स्वतः रंगवलेली असल्याने मी ती बदललेली नाही), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी शुद्ध जागेवर आहे. डॉ. मंजुषा बिराजदार यांनी मला तपासून तसा दाखला दिला आहे, कारण माझा मुलगा उमाशंकर याने पुण्याहून फोन करकरून सगळ्या नात्यागोत्यात सांगून ठेवले आहे की आईला भास होतात. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव म्हणायचाच तर एक आहे, तो गाडीच्या कलमात येईल.

कलम १. राहते घर उमाशंकरला. तो ते विकणार हे मला ठाऊक आहे आणि माझी हरकत नाही. न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो, एवढे घेणाऱ्याला आधी सांगावे. माझ्या पाटल्या सुनेला द्याव्यात. ‘भास’ हा शब्द मला पहिल्यांदा तिनेच लावला, पण दर दिवाळीला माझ्या मनगटाकडे बघून ती जी हळहळते ती मला बघवत नाही.

कलम २. लोहारा रस्त्याचे शेत आणि बँकेत जे काही असेल ते सर्व माझी नात, उमाशंकरची मुलगी शिवरंजनी हिला. आईबाप पुण्याला असताना ही पोर माझ्याजवळ राहिली. डॉ. मंजुषांच्या दवाखान्यात रक्त तपासायचे काम करते. मला अव्वा म्हणते आणि माझ्याशी भांडते. मला तिच्यापेक्षा जास्त प्रिय कोणी नाही, हे मी उमाशंकर वाचेल हे माहीत असून लिहीत आहे.

कलम ३. गॅरेजमधली हत्यारे, जॅक आणि व्हाइस श्रावस्ती सरवदे हिला. ही राजपालची मुलगी. राजपाल यजमानांच्या हाताखाली शिकला आणि पुढे त्यानेच गॅरेज चालवले. तो या कागदावर साक्षीदार असल्याने त्याला काही देऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून मुलीला. तिचे लोहाऱ्याला मोटारसायकलचे दुकान आहे. शेजारचे टायरवाले मोठा चाकपाना नेऊन बसले आहेत. मी मेल्यावर ते रडायला येतील, तेव्हा तो मागून घ्यावा.

कलम ४. गाडी.

ही जुनी करडी अँबॅसिडर यजमानांनी एका ठेकेदाराकडून भंगारच्या भावात घेतली आणि माणसात आणली. तिच्याबद्दल नीट लिहायला हवे, कारण हे मृत्युपत्र खरे तर तिच्यासाठीच आहे.

ब्रेकची हवा काढायला दोन माणसे लागतात. एक सीटवर, एक खाली. आमच्या गॅरेजात सीटवर मी असे. यजमान चाकामागे आडवे होऊन आधी म्हणत, “दाब, दाब, दाब.” मग म्हणत, “धर.” मी पेडल दाबून धरायची आणि जबाब द्यायची, “धरलंय.” जबाब आल्याशिवाय ते चाकामागचे निपल, म्हणजे तेल सोडायचा बारीक स्क्रू, उघडत नसत. निपल उघडले की तेलाबरोबर हवा बाहेर पडते आणि पेडल पायाखाली हळूहळू बसत जाते. मी म्हणायची, “बसलं.” ते निपल आवळून म्हणत, “सोड.” त्याआधी पाय उचलला तर हवा पुन्हा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. दुसरा नियम त्यांचा स्वतःचा होता. ज्याने जबाब दिला त्यानेच ते काम संपवायचे. मध्येच माणूस बदललेला त्यांना चालत नसे, प्रत्येकाच्या पायाचा जोर वेगळा असतो म्हणत.

ज्या दुपारी ते गेले त्या दुपारी आम्ही हेच करत होतो. ते मागच्या डाव्या चाकाशी होते. “धर,” म्हणाले. मी “धरलंय” म्हटले. पेडल बसले. मी “बसलं” म्हटले. त्यापुढे काही आले नाही. मी पाय धरून बसले, कारण नियमच तो होता. राजपाल चहा घेऊन आला, त्याने खाली वाकून पाहिले आणि चहा तिथेच ठेवला. हृदय एका क्षणात थांबले असे डॉक्टर म्हणाले, मी आधी उतरले असते तरी काही झाले नसते. हे मला पटलेले आहे. माझा पाय मात्र बायकांनी धरून पेडलवरून उचलला, तो आपणहून उठेना.

दिवस झाल्यावर राजपालने निपल आवळले, पुन्हा हवा काढली, गाडी नळदुर्गपर्यंत नेऊन आणली. ब्रेक कडक. मी सहज बसून पाय ठेवला, तर पेडल आधी कडक लागले आणि मग बसायला लागले. धक्का नाही, आवाज नाही. कोणीतरी खाली निपल उघडल्यावर बसते अगदी तसे. ते बसणे माझ्या पायाला कोणी शिकवायला नको.

मी भुताखेतावर लगेच गेले नाही. मेकॅनिकची बायको आहे. भराभर पाय मारून पेडल वर आले असते तर हवा राहिली असे म्हटले असते; तसे नव्हते. चारही चाके काढून पाहिली, आतली सिलिंडरे कोरडी, गळती कुठेच नाही. रबरी पाइप एकेक करून चिमट्याने दाबून पाहिले, तरी माझ्या पायाखाली पेडल बसतेच. राजपालने पायाखालची चटई उचलून तेल पाहिले आणि डोके खाजवले.

“काकू, तेल एक थेंब कमी न्हाय. मग जातंय कुठं?”

“तूच सांग.”

“पेडलमागं तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमधला वॉशर गेला असंल. तेल आतल्या आत मागं फिरतंय, भाईर येतच न्हाय. बसणाऱ्या पेडलचं दुसरं कारण नसतंय.”

त्याने वॉशर बदलले. मग अख्खे मास्टर सिलिंडर नवे आणून बसवले. तो बसला की पेडल कडक, उमाशंकर बसला की कडक, मी बसले की जमिनीला. उमाशंकर तेव्हा म्हणाला, “आई, तू नकळत जास्त जोर लावतेस.” माझा जोर केवढा, ते त्याने माझ्याकडे नुसते पाहिले असते तरी कळले असते.

पुढे मी कोणाला सांगणे सोडून दिले. जेवण झाले की शेडमध्ये जाऊन गाडीत बसायचे, पाय ठेवायचा, पेडल बसू द्यायचे आणि वाट पाहायची. “सोड” कधी आले नाही. पाय भरून आला की मी उतरायची. खरे लिहायचे तर मला त्याची भीती वाटली नाही. बरे वाटायचे. इतकी वर्षे माझ्या पायाखाली कोणीतरी कामात होते.

भीती यंदाच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला वाटली. शेतात जायला आम्ही नटूनथटून निघालो होतो, भज्जी-आंबिलाचे डबे बाहेर ठेवलेले. शिवरंजनी फोटो काढायला म्हणून गाडीत बसली. तिला मी पेडलचे कधी काही सांगितलेले नाही.

“अव्वा, ह्ये पेडल आपोआप खाली चाललंय बघ.”

मी म्हटले, “उतर.”

“आणि खाली कोण झोपलंय? धर म्हणालं कुणीतरी.”

मी साडीसकट जमिनीवर आडवी झाले आणि खाली पाहिले. कोरडी माती होती आणि माझ्या जुन्या चपलेचा एक पट्टा. वर तिच्या पायाजवळ पेडलचा दांडा अजून खाली सरकत होता. मी तिला दंडाला धरून ओढून काढले. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मी त्या दिवसापासून हाच विचार करते आहे. माझा पाय थकला हे त्यांनी ओळखले असेल. त्यांचे चुकले असे म्हणवत नाही, पण माझी नात मी त्यांना देणार नाही. तिला अजून लग्न करायचे आहे, नोकरीत पुढे जायचे आहे, माझ्याशी भांडायचे आहे. म्हणून लिहिते की राजपालने आजच मास्टर सिलिंडर गाडीतून काढावे. मी गेल्यावर गाडी कापून भंगारात द्यावी. शिवरंजनीने त्या सीटवर पुन्हा बसू नये, आणि कोठूनही “धर” ऐकू आले तर जबाब देऊ नये. “काय” असेसुद्धा म्हणू नये. जबाब दिला की ते काम त्याचे होते.

पुरवणी. आजच, सह्या होण्यापूर्वी लिहिलेली.

राजपाल आणि डॉ. मंजुषा हे दोन्ही साक्षीदार आल्यावर राजपालने वरील कलमाप्रमाणे मास्टर सिलिंडर खोलले आणि वर्तमानपत्रावर ठेवले. आता पेडलच्या मागे काहीही नाही, दांडा नुसता स्प्रिंगवर मोकळा हलतो. राजपालने हाताने ढकलून दाखवला. मग मी बसून पाय ठेवला. पेडल धपकन जमिनीला गेले. माझ्या पायाखाली कोणी नव्हते. मी रडले ते दोघांनी पाहिले आहे, त्याचा माझ्या शुद्धीशी संबंध लावू नये.

नंतर मी कलम चार शिवरंजनीला वाचून दाखवले. तिने मान खाली घालून ऐकले.

“अव्वा, म्या तर तवाच म्हणलं होतं. धरलंय म्हणून.”

“तुला कोणी शिकवलं?”

“न्हाय कुणी. मला वाटलं राजपालकाका हायत खाली. तोंडातून आपसूक आलं.”

मी अडवायच्या आत ती गाडीत बसली आणि तिने पाय ठेवला. मागे काही नसलेले ते पेडल वरच थांबले. तिने दाबले तरी थांबले. मग हळूहळू बसत गेले. राजपाल मास्टर सिलिंडर दोन्ही हातांत धरून हे पाहत होता. डॉ. मंजुषांनी वाकून खाली पाहिले. आम्ही तिघांनी मिळून तिचा पाय उचलला. तो थंड पडला होता, चहा झाला तरी त्यात ऊब आली नाही.

“उद्या परत बसाय लागंल,” ती म्हणाली, दवाखान्याची पाळी सांगावी इतक्या साधेपणाने.

म्हणून गाडी कापण्याची सूचना मी रद्द करते. गाडी मोडून काम मोडेल याचा भरवसा नाही. ते अर्धवट काम तिच्याबरोबर कुठे जाईल हे मला माहीत नाही. मी जिवंत असताना ते मला परत घेता येत नाही हे आज माझ्या पायाने पाहिले; मेल्यावर यजमानांच्या शेजारी बसून घेता येईल, कारण पहिला जबाब माझा होता. त्यामुळे पुढील कलम लिहिते. हे कलम बाकी सगळ्या कलमांच्या वर समजावे.

कलम ५. माझी माती शेतात, यजमानांच्या शेजारी करावी. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, मांडी घालून, तळहातावर इष्टलिंग ठेवून. माझी मांडी घालू नये. डावा पाय रीतीप्रमाणे दुमडावा, उजवा पुढे सरळ ठेवावा, तळवा समोरच्या मातीला घट्ट टेकेल असा. खड्डा तेवढा लांब खणावा. स्वामी हरकत घेतील, त्यांना हे कलम वाचायला द्यावे आणि उमाशंकरने मध्ये पडू नये.

त्या दिवशी शिवरंजनीला शेतात आणू नये. ती गाडीत बसलेली असेल तर बसू द्यावी. माती लोटण्याआधी राजपालने खड्ड्यात वाकून माझ्या कानाशी एकदा “धर” म्हणावे. जबाब ऐकू आला नाही म्हणून कोणी थांबू नये, माती टाकावी. मी धरलेले असेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

लिहून ठेवणार:
शिवलीला भ्र. बंडप्पा माळगे (सही)

साक्षीदार:
१. राजपाल पिराजी सरवदे, मेकॅनिक, उमरगा (सही)
२. डॉ. मंजुषा बिराजदार, उमरगा (सही)

ठिकाण: उमरगा, जि. धाराशिव
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५