राणीला दीर नव्हता

वर्षालीवहिनी,

काल डोंबिवलीत माझी एकांकिका बघून तुम्ही रंगपटात सगळ्यांना पेढे वाटलेत. नवऱ्याऐवजी मरायला तयार झालेल्या राणीची ग्रीक कथा मी ठाकुर्लीच्या चाळीत आणली होती. जिवाच्या जागी किडनी ठेवली. मुलाला नकार देणाऱ्या म्हाताऱ्या आईबापांना प्रेक्षकांनी शिव्या घातल्या. आपली आई तेव्हा मान खाली घालून बसली होती.

निघताना तुम्ही हसत विचारलंत, “भाऊजी, तिला दीर नव्हता का हो?”

“मूळ कथेत नाही,” मी म्हणालो.

दादाला किडनी हवी होती तेव्हा आईबाबांना डॉक्टरांनीच वयामुळे नाही म्हटलं होतं. माझी किडनी जुळली होती, आणि मी तालमींचं निमित्त करून हॉस्पिटलात फिरकलोच नाही. मग तुम्ही तुमची दिलीत, आणि माझं जुळल्याचं घरात कुणाला कळू दिलं नाहीत. मी मात्र माझी भीती आईबाबांच्या माथी मारून टाळ्या घेतल्या.

ठाण्याच्या अंतिम फेरीसाठी आता दिराचा प्रवेश लिहिलाय. पोरं म्हणतात, “सर, फारच हलकट वाटतो हा, जरा बरा करा ना!” दिराचं काम मीच करणार आहे. आईबाबाही येणार आहेत.

हे पत्र तुम्हाला पाठवत नाही. तुम्ही “राहू दे हो भाऊजी” म्हणाल, आणि मी ऐकेन.

मितेश